डोक्यातील गाठ आणि हातातील फाईल

नालासोपाऱ्याच्या आमच्या वस्तीतील एका भगिनीचे सकाळी उठल्या उठल्या डोके दुखायचे, उलटी व्हायची. गोळी घेऊन ती कामावर जायची. एका रात्री तिला फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून तिला बाहेरचे बघणाऱ्याकडे नेले! चार महिने त्यात गेले. मग एम.आर.आय. झाला आणि मेंदूत गाठ निघाली.

याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला तो १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षी. आजारपणात लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडेच, असा त्या नवव्या लेखाचा आशय आहे. आपल्या दारातला हा लेख आपण वाचलाच नाही.

तिचा नवरा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. कागद लावणे मला जमते. त्याला वाटत होते, सगळे संपले. परंतु ब्रेन ट्यूमर म्हणजे कॅन्सरच, असे नाही. मेनिन्जिओमासारख्या बहुतेक गाठी साध्या असतात. मात्र कवटीत जागा नसते, म्हणून साधी गाठही वाढली की मेंदू दाबते. तेव्हा डॉक्टरांना न लाजता विचारावे : गाठ कोणती, तिची ग्रेड एक ते चारपैकी कितवी, ऑपरेशननंतर शेक लागणार का?

एम.आर.आय.ची सी.डी., डिस्चार्ज कार्ड, तपासलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक, सारे तारखेप्रमाणे एका फाईलीत लावावे. दुसऱ्या रुग्णालयात हेच मागतात. सोबत रेशनकार्ड व आधारकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. १५५३८८ वर फोन करूनही विचारता येते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी ठेवाव्याच लागतात. ही भीक नाही, कायदा आहे.

शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालतो. विरार लोकलच्या गर्दीतून रोज परळ गाठणे निरोग्यालाही जड. कॅन्सरच्या रुग्णाला दाखला जवळ असल्यास दिव्यांगांच्या डब्यात बसता येते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण राहतात. त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी. ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र बसवते. तिथे आपल्यासारखेच दुसरे भेटतात. स्वभाव बदललेल्या, विसरणाऱ्या, एकाएकी चिडणाऱ्या माणसाबरोबर कसे राहावे, हे त्यांच्याइतके कोण सांगणार?

घरात फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. फिटची किंवा सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी मनाने बंद करू नका.

त्या भगिनीचे ऑपरेशन झाले. गाठ साधी होती, पण तोवर डाव्या डोळ्याची नजर बरीचशी गेली होती. मांत्रिकाकडे गेलेल्या चार महिन्यांचा हिशेब तिचा नवरा अजून करतो. फाईल दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. परवा शेजारच्या चाळीतला एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे आला, तेव्हा तिनेच ती उतरवून त्याच्यापुढे उघडली.