विश्लेषण : घर गार, बिल हलके – उन्हाळ्यात आधी छताकडे का पाहावे?

एप्रिल लागला की कळंब शहरात, येरमाळ्यात, शिराढोणमध्ये एकच तक्रार ऐकू येते. रात्रीचे दहा वाजले, बाहेर वाऱ्याची झुळूक सुटली, तरी घरातला पंखा गरम हवाच फेकतो. मग कूलर येतो, तो पुरेना म्हणून एसीची चौकशी होते आणि पुढच्या महिन्यात बिल पाहून घरात वाद होतात. थंड देशांतली कुटुंबे हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याच्या खर्चाने हैराण असतात. मराठवाड्यात तोच प्रश्न उलटा होऊन उन्हाळ्यात उभा राहतो. दोन्हीकडे उपायाचे सूत्र मात्र एकच आहे. उष्णता यंत्राने ढकलण्याआधी ती छतातून आणि भिंतीतून ये-जा करणार नाही याची सोय करायची.

जुनी घरे गार का असायची?

या भागातले जुने घर म्हणजे माळवद. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलचन आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारचे ऊन या मातीत शिरे, पण ते आत पोहोचेपर्यंत रात्र होई आणि रात्रीच्या गार हवेत माती पुन्हा निवे. त्यामुळे भर दुपारी बाहेर अंगाची लाही होत असतानाही आत गारवा टिकायचा.

पण हेच जडपण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जिवावर उठले. किल्लारी, सास्तूर परिसरातील भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदाचा धसका बसला आणि तो योग्यच होता. स्लॅब, विटांच्या पातळ भिंती आणि पत्रे यांनी त्याची जागा घेतली. घर हलके आणि सुरक्षित झाले, पण गारवा गेला. आज कूलर-एसीच्या बिलात आपण मोजतो ती बऱ्याच अंशी त्या गारव्याची किंमत आहे. म्हणून प्रश्न माळवदाकडे परतण्याचा नाही. छतावर वजन न वाढवता गारवा कसा परत आणायचा, हा आहे.

छतालाच इतके महत्त्व का?

कळंब साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला येथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो; तो शून्य सावलीचा दिवस. या दिवसांत भर दुपारी भिंतींवर ऊन तिरपे पडते आणि छतावर मात्र सरळ. एकमजली घरात उष्णतेचा सर्वांत मोठा दरवाजा छत हाच असतो.

चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांनी ते आत सोडू लागतो. संध्याकाळी सात ते मध्यरात्र या वेळेत घर सर्वांत जास्त कोंडते ते यामुळे. पंखा छताजवळची हीच तापलेली हवा खाली ढकलतो. दोष पंख्याचा नसतो, वरच्या स्लॅबचा असतो.

चुन्याने खरेच फरक पडतो का?

पडतो. जुना, काळवंडलेला स्लॅब बहुतेक ऊन शोषतो. ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परत फेकतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा उपक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. कळंब तालुक्याला चुना नवा नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचण्याची प्रथाच आहे.

होळीनंतर छत झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्यावे. विरवलेल्या चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळून दोन-तीन हात द्यावेत. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळतो, त्यामुळे डोळे आणि हात झाकावेत, मुलांना दूर ठेवावे. पावसाळ्यात हा चुना बराचसा धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी लावावा लागतो. पहिल्या पावसाचे छतावरचे पाणी साठवू नये. बाजारात मिळणारा ऊन परतवणारा पांढरा रंग महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो.

पत्र्याचे घर असेल तर?

पत्रा स्लॅबच्या उलट वागतो. तो ऊन पडताच तापतो आणि ऊन गेले की लवकर निवतो. म्हणजे स्लॅबच्या घराचा त्रास रात्रीचा, तर पत्र्याच्या घराचा दुपारचा. येथे बाहेरून पांढरा रंग आणि आतून फूट-दीड फूट पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा बोर्डाचे छत करावे. पोकळीतली गरम हवा बाहेर पडायला दोन्ही टोकांना जाळी ठेवावी. अनेक जण पत्र्यावर उसाचे पाचट, कडबा किंवा तुराट्या टाकतात. त्याने सावली मिळते, पण चूल किंवा विजेची तार जवळ असेल तर आगीचा धोका मोठा आहे. तिथे हिरवी शेडनेट पत्र्यापासून थोडी वर ताणून बांधणे अधिक सुरक्षित.

खिडक्या केव्हा उघडायच्या?

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यातही दिवस आणि पहाट यांच्या तापमानात मोठा फरक असतो. हा गारवा फुकट मिळतो, तो घरात भरून घेतला पाहिजे. सूर्य मावळून बाहेरची हवा निवली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास बंद कराव्यात. दिवसभर सताड उघडी खिडकी म्हणजे झळांना आमंत्रण. पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून लावलेले गोणपाट किंवा ताटी जास्त उपयोगी, कारण ऊन काचेच्या आत आले की ते आतच राहते. पश्चिमेला निंबाचे झाड असेल तर त्याची फांदी तोडण्याआधी दोनदा विचार करावा.

कूलर की एसी?

एप्रिल-मेमध्ये येथील हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर उत्तम चालतो. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते. कूलर मात्र तासाला साधारण ०.१५ ते ०.२ युनिट वीज घेतो. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. कूलरमागे बाहेरची हवा आणि समोरची खिडकी अर्धी उघडी, हा नियम पाळला नाही तर खोलीत दमटपणा साचतो आणि अंग चिकट होते. जूनमध्ये पावसाळी हवा आली की कूलरचा जोर आपोआप कमी होतो. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा वापरावा.

अडचण पाण्याची आहे. मोठा कूलर दिवसाला ४०-५० लिटर पाणी सहज संपवतो. २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे या खोऱ्यात कोणी विसरलेले नाही. टंचाईच्या वर्षी चुना आणि सावली हे पाणी न मागणारे उपाय आधी करावेत. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी. त्याने डेंग्यूचे डास होत नाहीत आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षारही कमी बसतो. अर्थिंग नसलेला कूलर वापरू नये आणि पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढावा.

एसी असेलच, तर तो २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद चालवावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून स्टार असलेले नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच असावेत असा नियम आहे. जाळी दर पंधरवड्याला धुवावी.

बिल नेमके कुठे वाढते?

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्यातील युनिट पहिल्याच्या जवळपास दुप्पट दराने पडते. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. म्हणून वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजेच सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होते.

पंख्याचे उदाहरण घेऊ. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा. त्याला तेवढ्याच वेळात १४-१५ युनिट लागतात. तीन पंखे बदलले तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. युनिटमागे १० रुपये धरले तरी ६५० रुपये झाले. मात्र ज्या घराचे बिल १०० युनिटच्या आतच असते, तिथे ही बचत बरीच कमी होते. अशा घराने चांगले चालणारे पंखे घाईने बदलू नयेत, आधी चुना लावावा.

सौर छत आधी की नंतर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पॅनेलमुळे छतावर सावलीही पडते. पण उरलेला खर्च घरालाच करावा लागतो. छत आणि पंखे आधी सुधारले तर तीनऐवजी दोन किलोवॉटमध्येही भागू शकते.

बचत कुठे करू नये?

घरातले वृद्ध, तान्ही मुले, गरोदर महिला आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगाला गार करण्याऐवजी तापवू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. अशा वेळी ओले फडके, पाणी, कूलर किंवा शेजारच्या गार घराचा आसरा घ्यावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसावे इतके तापले तर त्याला सावलीत आणून अंग ओले करावे आणि १०८ वर फोन करावा.

बाकी क्रम सोपा आहे. आधी छताचा चुना आणि पश्चिमेची सावली, मग खिडक्यांच्या वेळा, त्यानंतर पंखे आणि कूलर, आणि एसी सर्वांत शेवटी. पहिल्या दोन कामांना एक रविवार आणि चुन्याच्या काही पिशव्या पुरतात. माळवदाचे ओझे डोक्यावर न घेता त्याचा थोडा गारवा तेवढ्यातही परत मिळतो.