कामाचे व भटकंतीचे बूट : माप, रुंदी आणि इनसोल यांचा विचार

बीजशब्द : पादत्राणे, पावलाची रुंदी, इनसोल, सुरक्षा बूट, संवेदनाहीन पाऊल

प्रस्तावना :
मानवी पाऊल २६ हाडे आणि ३३ सांधे यांनी बनलेले आहे. उभे राहिल्यावर ते पसरते, चालताना लांब-आखूड होते आणि दिवसभराच्या श्रमानंतर सुजते. अशा सतत बदलणाऱ्या अवयवासाठी आपण बूट निवडतो तो मात्र दुकानातील बाकावर बसून आणि तोही केवळ एका आकड्याच्या आधारे. कारखान्यात आठ तास उभा राहणारा कामगार, रात्रपाळीचा पहारेकरी, तासामागून तास फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक व सह्याद्रीत भटकणारा गिर्यारोहक यांच्या गरजा भिन्न असल्या तरी त्यांची तक्रार बहुधा एकच असते : 'बूट चावतो'. ही तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला हल्ली बहुतेक वेळा इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालावयाचा सुटा मऊ तळ, विकला जातो. दोष मुळात मापात असेल तर इनसोलने तो दूर होत नाही, उलट वाढतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक भूगोलाचा अध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीसाठी त्याने नवे बूट घेतले. चवड्याशी ते घट्ट वाटले म्हणून विक्रेत्याने एक नंबर मोठा जोड दिला आणि टाच सैल पडू लागली म्हणून आत जाड इनसोल घातला. राजगड चढताना काहीच जाणवले नाही. गुंजवण्याच्या बाजूने उतरताना मात्र प्रत्येक पावलागणिक बोटे पुढे आदळू लागली. दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली व पुढे गळून गेली. सदर लेखाचा विषय तेथूनच सुचला, हे येथे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते.

नंबर काय सांगतो व काय सांगत नाही :
आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे १/३ इंच, सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर २/३ सेंटिमीटरचा असतो. दोन्ही पद्धती लांबी मोजतात. रुंदीसाठी पाश्चात्त्य देशांत वेगळी अक्षरचिन्हे असतात, पण आपल्या बाजारपेठेत बहुतेक जोड एकाच रुंदीत मिळतात. परिणामी रुंद पावलाचा ग्राहक रुंदी मिळविण्यासाठी लांबी विकत घेतो. एक नंबर वाढविला की लांबीत साडेआठ मिलिमीटरची भर पडते, रुंदीत मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे हवे ते थोडे मिळते आणि नको ते पुष्कळ.

हा प्रश्न वैयक्तिक नाही. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींच्या पावलांची त्रिमितीय यंत्राने मोजणी झाली. भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक रुंद आहेत, असे त्यातून दिसून आले. त्या आधारे 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती प्रस्तावित करण्यात आली. आपले पाय 'बेढब' आहेत असे दुकानात ऐकून घेणाऱ्या अनेकांना ही माहिती दिलासा देणारी ठरावी. बेढब पाय नव्हे, साचा आहे.

लांबीच्या आहारी गेल्याने आणखी एक हानी होते. चालताना पाऊल चवड्याच्या सांध्यापाशी वाकते व बूटही नेमका तेथेच वाकला पाहिजे. बूट लांब असेल तर त्याची घडी सांध्याच्या पुढे, बोटांवर पडते. म्हणून टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराइतकेच टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतरही महत्त्वाचे असते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी तयार केलेल्या मापयंत्रात लांबी, रुंदी व हे चवड्याचे अंतर अशी तिन्ही मापे घेण्याची सोय होती. आपल्याकडील किती दुकानांत साधी पट्टी तरी वापरली जाते, हा प्रश्न वाचकांवर सोपवितो.

घरच्या घरी माप :
यंत्र नसले तरी अडत नाही. सायंकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कामावर वापरावयाचे मोजे घालून कागदावर उभे राहावे. दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा आणि दुसऱ्याकडून पेन्सिल उभी धरून रेषा काढून घ्यावी. दोन्ही पावले क्वचितच समान असतात, त्यामुळे मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असेही नाही. अनेकांचे दुसरे बोट पुढे असते. या बोटापुढे साधारण १० ते १२ मिलिमीटर जागा असावी.

दुकानात गेल्यावर बुटातील सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल त्याच्या कडेबाहेर ओसंडत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग नंबर कोणताही असो. या एका चाचणीने लेखकाची नखे वाचली असती. नंतर बूट घालून, नाडी घोट्याशी घट्ट बांधून, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात. बोटे पुढे आदळू नयेत व टाच उचलली जाऊ नये. 'वापरून सैल होईल' हे आश्वासन चामड्याच्या बाबतीत थोडेफार खरे असते, कृत्रिम कापडाच्या बाबतीत जवळजवळ नाहीच.

इनसोलची मर्यादा :
इनसोल बुटातील जागा व्यापतो. पाच मिलिमीटर जाडीचा तळ घातला की पाऊल तेवढे वर येते, चवड्यावरील पोकळी कमी होते व टाच मागील आधारातून वर सरकते. त्यामुळे जुना तळ काढूनच नवा घालावा. ई.व्ही.ए. फोम हलका असतो, परंतु भाराने तो दबत जातो. पॉलीयुरेथेन वजनाला जड असले तरी अधिक टिकते. मात्र बाहेरील सोल पॉलीयुरेथेनचा असल्यास दमट हवेत, विशेषतः वापराविना पडून राहिल्यास, त्याचे विघटन होते. कोकणातील कपाटात दोन-तीन पावसाळे ठेवलेला, वरून नवाकोरा दिसणारा बूट पहिल्याच चालीत तळापासून सुटतो, तो यामुळे.

महागडा, साच्यावरून बनविलेला इनसोल अधिक गुणकारी असतो का? टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तयार व खास बनविलेले तळ जवळपास सारखेच ठरले. सुरुवातीच्या महिन्यांत थोडा लाभ दिसला, वर्षाअखेरीस तो उरला नाही. ओल्या पावलाच्या ठशावरून कमान ओळखून बूट निवडण्याची युक्तीही लोकप्रिय आहे. परंतु अमेरिकी सैन्यातील नवशिक्यांवर जोसेफ नॅपिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत अशा निवडीने दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही. टाचदुखीवर तयार इनसोल काही आठवडे वापरून पाहण्यास हरकत नाही. त्यासाठी कर्ज काढू नये, इतकेच.

सुरक्षा बुटांची गोष्ट थोडी निराळी आहे. भारतीय मानक आय.एस. १५२९८ च्या दुसऱ्या भागानुसार अशा बुटाच्या पुढील टोपीने २०० जूलचा आघात सोसावयाचा असतो. ही टोपी ताणत नाही, त्यामुळे येथे अरुंदपणाला क्षमा नाही. शिवाय सुट्या तळासह तपासलेल्या बुटात दुसरा जाड इनसोल घातल्यास टोपीखालील मोकळी जागा घटते व स्थितिज विद्युत निचरा होण्याच्या गुणातही बदल होऊ शकतो. कामगाराने बदल करण्यापूर्वी सुरक्षा अधिकाऱ्यास विचारावे आणि अधिकाऱ्याने बुटाची मागणी नोंदविताना केवळ नंबर न लिहिता रुंदीही लिहावी.

जेथे 'आराम' फसवा असतो :
आतापर्यंतचे सर्व विवेचन पाय बोलतो, या गृहीतकावर आधारलेले आहे. दीर्घकालीन मधुमेहात तो अनेकदा मुका होतो. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी कुष्ठरुग्णांसमवेत केलेल्या कार्यातून असे दिसून आले की, बोटे गमावण्यामागे थेट रोग नसून वेदना न जाणवल्यामुळे दुर्लक्षित राहिलेल्या जखमा असतात. एकाच जागी हजारो वेळा पडणारा मध्यम दाबही त्वचा फाडण्यास पुरेसा असतो. कुष्ठरुग्णांसाठी भारतात प्रचलित झालेल्या मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एम.सी.आर. चपला दाब पसरविण्याच्या याच तत्त्वावर आधारलेल्या असून त्या मधुमेहींनाही दिल्या जातात.

संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला घट्ट बूटच 'नीट बसलेला' वाटतो, कारण सैल बूट तिला जाणवतच नाही. अशा व्यक्तीने स्वतःच्या जाणिवेवर नव्हे, तर वर सांगितलेल्या कागदावरील मापावर व सुट्या तळाच्या चाचणीवर विसंबावे आणि त्याआधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. नवा जोड पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालावा व काढल्यावर पाऊल पाहावे. लाल झालेली जागा अर्ध्या तासात पूर्ववत झाली नाही, तर तो जोड परत करावा. रोज बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा वा दुमडलेला इनसोल नाही ना, हे पाहावे. रात्री तळव्यांखाली आरसा धरावा. नजर अधू असल्यास हे काम घरातील दुसऱ्याने करावे.