चांद्याचे गोंड राजे

पूर्व विदर्भातील वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत सत्ता गाजविणारे एक मध्ययुगीन गोंड राजघराणे. सिरपूर, बल्लारपूर व चांदा (विद्यमान चंद्रपूर) या त्यांच्या क्रमाने झालेल्या राजधान्या. सध्याचा चंद्रपूर जिल्हा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा यांतील बराचसा प्रदेश या राज्यात मोडत असे. आरमोरी तालुक्यातील वैरागड हे त्याचे वैनगंगेपलीकडील महत्त्वाचे ठाणे होते. गढा-मंडला, देवगड व खेर्ला या गोंड राज्यांबरोबर चांद्याची गणना होते. त्यांपैकी हे सर्वांत दक्षिणेकडील होय. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये ते खालसा केले.

वंशावळ व कालनिर्णय : या घराण्याने स्वतःचा सलग लिखित इतिहास मागे ठेवला नाही. राजांची नावे व त्यांचा क्रम प्रामुख्याने मौखिक परंपरेने टिकून राहिला. इंग्रजी अमदानीत मेजर ल्यूसी-स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ मध्ये सादर केला. त्यात दिलेली वंशावळ पुढील बहुतेक लेखकांनी आधारभूत मानली. या वंशावळीत भीम बल्लाळसिंग हा मूळ पुरुष असून त्याचा काळ इ. स. ८७० च्या सुमारास धरला आहे. तेथपासून १७५१ पर्यंत एकूण एकोणीस कारकीर्दी सांगितल्या आहेत. म्हणजे सरासरीने प्रत्येक कारकीर्द सु. ४६ वर्षांची भरते. इतकी दीर्घ सरासरी कोणत्याही राजघराण्यात सहसा आढळत नाही. त्यामुळे आरंभीच्या राजांचा काळ बराच अलीकडे आणावा लागतो, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. तथापि सनावळी सदोष ठरली, तरी नावांची परंपरा त्यामुळे निरर्थक ठरत नाही. बाहेरच्या दरबारांतील फार्सी व मराठी नोंदींशी ती ताडून पाहिली म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढचा इतिहास बऱ्याच अंशी निश्चित करता येतो.

राज्याची उभारणी : विखुरलेल्या गोंड कुळांना एकत्र आणून भीम बल्लाळसिंगाने सिरपूर येथे गादी स्थापन केली व माणिकगड हा आपला मुख्य गड केला, असे परंपरा सांगते. पूर्वीच्या राजांच्या नावांना ‘सिंग’ हे उपपद असे. सुरजा बल्लाळसिंगाने दिल्लीच्या बादशहासाठी एक किल्ला जिंकून दिला व त्याबद्दल त्यास ‘शेरशाह’ हा किताब मिळाला. तेव्हापासून राजे ‘शाह’ म्हणवू लागले, अशी आख्यायिका आहे. त्याच्यानंतरचा खांडक्या बल्लाळशाह हा चांदा शहराचा संस्थापक मानला जातो. झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने त्याच्या अंगावरील गाठी बऱ्या झाल्या व त्या स्थानी अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले, अशी कथा आहे. शहराच्या तटाचे बांधकाम अनेक कारकीर्दींत चालू राहिले. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे त्याचे चार दरवाजे असून हत्तीवर मात करणारा सिंह हे राजचिन्ह त्यांवर कोरलेले दिसते.

हिरशाहाचे नाव मुख्यतः जमीनविषयक धोरणासाठी सांगितले जाते. जंगल तोडून शेत करणाऱ्यास ती जमीन आणि तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याचा प्रघात त्याने घातला, असे म्हणतात. वैनगंगेच्या काठच्या भातशेतीच्या पट्ट्यात तलाव व बोड्या यांवरच पीक अवलंबून असते, हे लक्षात घेता या प्रघाताचे महत्त्व कळून येते. राजाच्या सत्तेचा पाया येथे खड्या सैन्याहून अधिक जमीन कसणाऱ्या व गढ्या राखणाऱ्या कुळांच्या निष्ठेवर होता.

बाबाजी बल्लाळशाह व वैरागड : सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने सिद्ध केलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात चांद्याच्या ‘बाबाजी’चा उल्लेख येतो. त्याच्यापाशी १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याचे, तसेच हिऱ्याची खाण असलेले वैरागड त्याने नुकतेच दुसऱ्या एका प्रमुखाकडून जिंकून घेतल्याचे त्यात नमूद आहे. या परिसरात पूर्वी माना प्रमुखांची सत्ता होती, अशी स्थानिक समजूत आहे. ही नोंद दोन कारणांनी महत्त्वाची ठरते. वंशावळीतील एका राजाचा काळ तीमुळे स्वतंत्र पुराव्याने निश्चित होतो आणि वैरागडचा मुलूख चांद्याकडे प्राचीन काळापासून नसून सोळाव्या शतकात आला, हेही कळते. मोगल लेखक बाबाजीला जमीनदार म्हणतो. आपल्या मुलुखात मात्र तो राजा होता. बादशाही दप्तरातील दर्जा व प्रजेच्या दृष्टीने असलेला दर्जा यांतील ही तफावत या घराण्याच्या इतिहासात शेवटपर्यंत आढळते.

मोगलांशी संबंध : सतराव्या शतकात चांद्याला मोगलांची खंडणी द्यावी लागे. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. राजाने सरहद्दीवर येऊन शरणागती पत्करली व मोठ्या दंडाखेरीज दरसाल दोन लाख रुपये देण्याचे मान्य केले. फार्सी साधनांत या राजाचे नाव मानजी मल्लार असे येते. ‘मल्लार’ हे ‘बल्लाळ’चे रूप दिसते, परंतु पारंपरिक वंशावळीत या वर्षी बीरशाह गादीवर असल्याचे दाखविले आहे. बीरशाहाची कारकीर्द काही संशोधक अठराव्या शतकाच्या आरंभाजवळ आणतात, त्यास हेही एक कारण आहे.

राणी हिराई : बीरशाहाचा त्याच्याच एका रजपूत अंगरक्षकाने वध केला. त्यास पुत्र नसल्याने राणी हिराईने चंदनखेडा येथील आप्तशाखेतील रामशाहाला दत्तक घेतले व तो वयात येईपर्यंत राज्यकारभार स्वतः पाहिला. पतीच्या स्मरणार्थ तिने चांद्यास उभारलेली समाधी ही गोंड वास्तुशिल्पातील उल्लेखनीय वास्तू होय. महाकालीच्या मंदिराचे श्रेयही तिला दिले जाते. राजाचा वध होऊन व औरस वारस नसताना गादी न डळमळता पुढे चालली, ही तिच्या कारभाराची खरी कसोटी होती.

राज्याचा अस्त : रामशाह हा सत्त्वशील व लोकप्रिय राजा म्हणून प्रसिद्ध आहे. चांद्यावर डोळा ठेवून आलेला रघूजी भोसले त्याच्या भेटीने प्रभावित होऊन परत गेला, असे सांगतात. रामशाहानंतर १७३५ मध्ये नीळकंठशाह गादीवर आला. त्याने वडिलांच्या वेळचा दिवाण महादजी वैद्य यास ठार मारविले व आपल्या वागणुकीने कारभारी आणि प्रजा या दोहोंनाही दुखविले. शिवाय देवगडच्या भानगडीत पडून त्याने रघूजीचे वैर ओढवून घेतले. १७४९ मध्ये फितुरीमुळे चांदा रघूजीच्या हाती पडले. महसुलाचा दोनतृतीयांश हिस्सा देण्याच्या करारावर नीळकंठशाह काही काळ गादीवर राहिला. परंतु १७५१ मध्ये रघूजीने सर्व राज्य घेऊन त्यास बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथेच त्याचा अंत झाला. ज्या कुळांच्या आधारावर गादी उभी होती ती दुरावल्यावर भक्कम तटही उपयोगी पडला नाही.

नंतरचा काळ : नीळकंठशाहाचा पुत्र बल्लाळशाह याने १७७३ मध्ये केलेला उठाव भोसल्यांनी मोडून काढला. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला जिंकला आणि तिसऱ्या रघूजीच्या निधनानंतर (१८५३) नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली आला. सत्ताधीश बदलले, तरी पूर्वेकडील अरण्यप्रदेशात अहेरीसारख्या गोंड जमीनदाऱ्या टिकून होत्या. त्यांतील मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात मध्य प्रदेश शासनाच्या कायद्याने १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या व गोंड राज्यव्यवस्थेचा अखेरचा दुवा तुटला.

चांद्याचा तट, बल्लारपूर व वैरागड येथील किल्ले, राजसमाध्या आणि तलाव हे या घराण्याचे आज दिसणारे अवशेष होत. लिखित साधने तुटपुंजी असल्याने गोंड राज्यांना इतिहासग्रंथांत बहुधा मोगल वा मराठे यांच्या मोहिमांपुरतेच स्थान मिळत आले. चांद्याची वंशावळ सनावळीपुरती दुरुस्त करावी लागते. परंतु एका अरण्यप्रदेशात अनेक पिढ्या टिकलेल्या, नगर वसविणाऱ्या व पाणी अडवून शेती वाढविणाऱ्या राज्यसंस्थेची आठवण तिनेच जतन केली, हे तिचे ऐतिहासिक मोल होय.