मंदावलेला संगणक : आधी निदान

सातारा-सांगलीकडील अनेक वैद्यबंधू रुग्णांच्या नोंदी घरच्याच संगणकावर ठेवतात. तो मंदावला की नवा घेण्याचा सल्ला मिळतो. आमच्या मते आधी निदान करावे.

प्रथम सर्व नोंदींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी व ती उंच जागी ठेवावी. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर अनुभवलेल्या सांगलीकरांना याचे कारण सांगावयास नको. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘स्टार्टअप’ मधील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. आमच्याकडे असे अकरा निघाले! सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ विभागातून तात्पुरत्या फाइल्स काढाव्यात. मात्र ‘डाउनलोड्स’ वर खूण करण्यापूर्वी थांबावे. रुग्णांचे तपासणी-अहवाल बहुधा तेथेच पडलेले असतात.

वीज तोडून पंख्यावरील धूळ मऊ ब्रशने झाडावी. उष्णता वाढली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. डिफ्रॅगमेंट हा उपचार फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कसाठीच आहे. एसएसडीची त्याने व्यर्थ झीज होते.

एवढ्याने गुण न आल्यास जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. आमचा संगणक त्यानंतरच खऱ्या अर्थाने मोकळा झाला.