नकाशाची किल्ली कोणाकडे?

नकाशा म्हणजे कागदावरील रेषा, अशी समजूत बाळगण्याचा काळ आता मागे पडला आहे. नदीचे वळण, शेताची हद्द, गावाचे नाव, हे सारे आज अंकरूपाने संगणकातील फाइलीत साठविले जाते. ते कोणत्या क्रमाने लिहावयाचे याची जी ठरीव रीत, तिला त्या फाइलीचे स्वरूप म्हणतात. स्वरूप जाहीर असेल, तर कोणीही जाणकार फाइल वाचू शकतो. गुप्त असेल, तर ते घडविणाऱ्या कंपनीच्या साधनावाचून नकाशा मुका राहतो. मोजणी एकाने करावी आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी, अशीच ही स्थिती होय.

या बाबतीत ‘शेपफाइल’चे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील एस्री कंपनीने १९९०च्या दशकाच्या आरंभी हे स्वरूप प्रचारात आणले आणि १९९८ साली त्याची रचना छापून जाहीर केली. त्यामुळे इतरांची साधनेही ते वाचू-लिहू लागली, आणि बाजारातील चलनी नाण्याप्रमाणे ते सर्वत्र चालू लागले.

परंतु खुलेपणा आला म्हणजे सर्व अडचणी सरल्या असे नव्हे. शेपफाइल ही वस्तुतः किमान तीन फाइलींची जुडी असते: एकीत आकृती, दुसरीत त्यांची सूची आणि तिसरीत माहितीचा तक्ता. तक्त्यातील स्तंभाच्या नावास अवघ्या १० बाइटांची जागा असते. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हेच. परिणामी ‘गाव’ व ‘नदी’ हे शब्द मावतात. ‘तालुका’ मावत नाही. शिवाय अक्षरांची संकेतपद्धती सांगणारी जोडफाइल हरवली, तर तक्त्यातील गावांची नावे अगम्य चिन्हांचा ढीग होऊ शकतात.

हे दोष टाळणारे ‘जिओपॅकेज’ हे स्वरूप ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियम या संस्थेने २०१४ साली प्रमाण म्हणून स्वीकारले. त्यात सर्व माहिती एकाच फाइलीत राहते आणि मराठी नावे पूर्ण लिहिता येतात.

हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा सांगलीवरून पुढे बेळगाव जिल्ह्यात जाते. ऑगस्ट २०१९च्या महापुराने सीमेच्या दोन्ही बाजूंना हाहाकार उडविला. अशा प्रसंगी दोहोंकडील नकाशे तत्काळ एकमेकांवर बसले पाहिजेत. फाइली जुळविण्यात गेलेली घटका परत मिळत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. स्वरूप खुले असणे म्हणजे माहिती चव्हाट्यावर मांडणे नव्हे. खाजगी नोंदी खुशाल जपून ठेवाव्यात. मात्र त्यांच्या धन्यालाच उद्या त्या वाचता येऊ नयेत, असे घडू नये. म्हणून ग्रामपंचायतीने वा संस्थेने नकाशा करवून घेताना त्याची एक प्रत खुल्या स्वरूपात मागून घ्यावी. कंपन्या येतील, जातील. गावाची हद्द मात्र गावापाशीच राहिली पाहिजे.