सही करण्यापूर्वी पाने मोजा

घरातल्या मुलाला पोलिसांनी नेले की सारे घर एकाच प्रश्नामागे धावते: जामीन कधी होणार? अब्बा वकिलांकडे, मामू जामीनदार शोधायला, अम्मी कपडे घेऊन तुरुंगाच्या दारात. पुढे दोषारोपपत्र दाखल होते. ते उघडून पाहायला मात्र कुणालाच सवड नसते. आम्हाला वाटते, चूक होते ती इथेच. खटला उभा राहतो तो त्या कागदांवर.

हे कागद मिळणे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २३० पाहा. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलेल्या खटल्यात आरोपी न्यायालयापुढे हजर झाला की जास्तीत जास्त १४ दिवसांत दंडाधिकाऱ्यांनी त्याला एफआयआर, पोलीस अहवाल, साक्षीदारांचे जबाब व सोबतची कागदपत्रे मोफत द्यायची असतात. जुन्या कायद्यात दिवसांची अशी मुदत नव्हती. कागद फारच जास्त असतील तर प्रत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळते किंवा न्यायालयात पाहू दिली जाते.

साक्षीदार पोलिसांपुढे काय बोलला हेच ठाऊक नसेल, तर तो न्यायालयात वेगळे बोलतो आहे हे वकील दाखवणार कसे?

पोलिसांनी गोळा केले पण खटल्यात वापरले नाही, अशा कागदांचे काय? त्यांत आरोपीच्या बाजूचेही काही असू शकते. म्हणून त्यांचीही यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले. यादीत कामाचे काही दिसले, तर ते मागण्यासाठी वकिलांना अर्ज करता येतो.

या हक्काला मर्यादाही आहे, आणि ती योग्यच आहे. केरळमधील एका खटल्यात पीडित स्त्रीवरील अत्याचाराचे चित्रण मेमरी कार्डात होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अब्रूचा विचार करून आरोपीला प्रत नाकारली. वकील व तज्ज्ञासह ते पाहण्याची मुभा तेवढी दिली.

प्रती मिळाल्याची सही आरोपीकडून घेतली जाते. त्याआधी पाने मोजा, यादीशी ताडून पाहा, पेनड्राइव्ह असेल तर तो उघडतो का तेही बघा. काही कमी असेल तर वकिलांकरवी तिथल्या तिथे लेखी नोंदवा. मग घरी सगळे मिळून एक-एक पान वाचा. त्या दिवशी मुलगा कुठे होता, कुणासोबत होता, हे वकिलांपेक्षा घरच्यांनाच जास्त ठाऊक असते.