रंग नेमका कोणाचा? : हातानं रंगवलेली नटींची पोस्टकार्डं

‘मूळ’ आणि ‘नक्कल’ या शब्दांचा विचार आपण आज एका तळहाताएवढ्या वस्तूच्या आधारे करणार आहोत. ती वस्तू म्हणजे साधारण १९०० ते १९१४ या काळातलं, इंग्लंडच्या रंगभूमीवरील एखाद्या नटीचं, हातानं रंगवलेलं पोस्टकार्ड. अशी कार्डं जमवणारे लोक आजही पुष्कळ आहेत.

आधी थोडा इतिहास पाहू. ब्रिटिश टपाल खात्यानं १८९४ मध्ये खाजगी छापाची चित्रकार्डं पाठवायला परवानगी दिली. पण मागची बाजू फक्त पत्त्यासाठी होती, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं लिहावा लागे. १९०२ मध्ये मागची बाजू विभागायची मुभा मिळाली : डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. चित्राला अख्खी बाजू मोकळी झाली. टपालखर्च अर्धा पेनी. लंडनची रोटरी फोटोग्राफिक ही कंपनी ब्रोमाइड कागदाच्या रिळांवर खऱ्या फोटोच्या भराभर प्रती काढू लागली. १९०७ मध्ये डेलीज थिएटरात ‘द मेरी विडो’ आलं. त्याचे ७७८ प्रयोग झाले. ज्यांनी हे नाटक कधी पाहिलं नाही त्यांच्याही अल्बममध्ये त्यातली नायिका लिली एल्सी जाऊन बसली.

आता रंगाकडे वळू. फोटो एकरंगी, म्हणून त्यावर पातळ रंग हातानं भरले जात, कधी कुंचल्यानं, कधी स्टेन्सिल ठेवून. हे काम बहुतेक स्त्रिया करत. त्यांची नावं कार्डावर नसतात. त्यांच्यापुढे नटी नसे, फक्त फोटो असे. म्हणूनच एकाच फोटोची दोन कार्डं शेजारी ठेवली तर एकीत झगा गुलाबी आणि दुसरीत निळा, असं सर्रास दिसतं. मग रंगमंचावर तो झगा कोणत्या रंगाचा होता? या कार्डांवरून ते सांगता येत नाही.

इथे आपला प्रश्न उभा राहतो. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंतानं १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटलं, की यंत्रानं प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं तेजोवलय विरतं. (बेन्यामिन स्वतः पोस्टकार्डं जमवायचा, बरं का!) पण आपलं कार्ड या मांडणीत नीट बसत नाही. यंत्रानं हजारो सारख्या प्रती काढल्या आणि मग माणसाच्या हातानं प्रत्येक प्रत थोडी वेगळी केली. तेव्हा हे कार्ड नक्कल म्हणायचं की मूळ?

आपण असं म्हणू, की एका कार्डात तीन साक्षीदार आहेत. फोटो सांगतो, की ही बाई या पोशाखात कॅमेऱ्यापुढे उभी होती. रंग सांगतो तो रंगवणारीचा हात आणि गिऱ्हाइकाची आवड. मागचा मजकूर आणि टपालाचा शिक्का सांगतात, की कार्ड कोणी, कोणाला, कधी पाठवलं. तिघेही खरं बोलतात, पण आपापल्यापुरतं. एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर घातली की आपण फसतो.

याचा व्यवहारात उपयोग आहे. कार्ड भिंगाखाली धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापखान्याचा छाप आहे, फोटो नव्हे. मग तिरप्या उजेडात पाहा. कुंचल्याचा रंग कडेबाहेर किंचित सांडलेला दिसतो. जपताना उन्हापासून दूर ठेवा, कारण यातले बरेच रंग उजेडानं उडतात. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पॉलिएस्टरचं घ्या. आणि एक कळकळीची विनंती : कार्ड ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून मागची अक्षरं खोडू नका, तिकीट सोडवू नका. कोरं कार्ड जास्त देखणं असेल, पण तसं करताना आपण एका साक्षीदाराला कायमचं गप्प करतो.

आज संगणक जुन्या फोटोंत क्षणात रंग भरतो, आणि आपण म्हणतो, ‘अगदी तेव्हासारखं दिसतंय!’ तेव्हाचे रंग त्यालाही ठाऊक नसतात, तोही अंदाजच करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनाम बाईच्या रंगाला आपण जो प्रश्न विचारला, तोच इथेही विचारायला हवा : हा रंग कोणाचा?

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.